मक्याच्या कणसात दाणे का भरत नाहीत? कणीस सोलून कारण ओळखण्याची पद्धत

पीक डोक्याच्या वर गेलेलं, पानं हिरवीगार, खोड जाडजूड. आणि काढणीला कणीस सोलावं तर टोकाकडची तीन-चार बोटं रिकामी, कुठे मधेच दाणे नाहीत, कुठे एका बाजूच्या ओळीच गायब. ही तक्रार दरवर्षी येते. खरिपात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते, उन्हाळी मक्यात मे महिन्यात. पहिला संशय बियाण्यावर जातो, दुसरा खतावर. पण बहुतेक रानांत खरं कारण हवापाण्यात असतं. तुरा (ताटाच्या शेंड्यावरचा नर फुलोरा) बाहेर पडण्याआधीचा एक आठवडा आणि नंतरचे दोन आठवडे ऊन, पाऊस, ओल आणि उजेड कसा होता, यावर कणसातल्या दाण्यांची संख्या ठरते. मोकळी जागा कणसावर कुठे आहे आणि त्या जागी नेमकं काय उरलंय हे नीट पाहिलं, तर कोणत्या दिवसांत बिघडलं ते सांगता येतं. ते कळल्याशिवाय टॉनिकच्या बाटल्या आणून उपयोग नाही.

आधी नुकसान मोजा

बांधावरची दोन-चार कणसं सोलून अंदाज बांधू नका. बांधाकडच्या ताटांना उजेड जास्त मिळतो, वारा जास्त लागतो, पाणी कमी-जास्त होतं. रानात पाच ठिकाणी, कडेपासून सहा-सात ओळी आत शिरून, एका ओळीतली सलग पाच ताटं घ्या. चांगली-वाईट निवडू नका, वांझ ताटही मोजणीत धरा. अशी पंचवीस कणसं एका गोणपाटावर ओळीने मांडा.

टोकाची दोन-अडीच सेंटीमीटर जागा रिकामी असेल तर तो दोष नाही. उलट प्रत्येक कणीस अगदी शेंड्यापर्यंत भरलेलं असेल तर ताटांची संख्या कमी पडली का, हे तपासायला हवं. रिकामी जागा पाच सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त असेल तिथे खरं नुकसान आहे. एका ओळीत पाच सेंटीमीटरमध्ये साधारण दहा दाणे बसतात. चौदा ओळींचं कणीस असेल तर १४० दाणे गेले. शंभर दाण्यांचं वजन २८ ग्रॅम धरलं तर कणसामागे ३९ ग्रॅम, आणि एकरी २५,००० कणसं धरली तर साडेनऊ-दहा क्विंटल. शेंडा रिकामा राहिला म्हणून सोडून देण्याजोगी ही गोष्ट नाही.

दाणा धरतो कसा

कणसाचा प्रत्येक केस एकेका दाण्याचा असतो. बुडाकडच्या दाण्यांचे केस आधी बाहेर येतात, शेंड्याचे सर्वांत शेवटी. सगळे बाहेर पडायला चार-पाच दिवस लागतात. तुऱ्यातून पराग सकाळी दव सुकल्यावर पडतो. खरिपात बहुधा नऊ ते अकराच्या दरम्यान, उन्हाळ्यात त्याआधीच. एका ताटाचा तुरा साधारण आठवडाभर पराग देतो. हवेत सुटलेला पराग फार टिकत नाही. दमट, थंड हवेत तास-दोन तास, कडक कोरड्या उन्हात काही मिनिटं. केसावर पराग पडला की एका दिवसाच्या आत फलन होतं आणि दोन-तीन दिवसांत तो केस बुडापासून सुटतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण खाली दिलेली तपासणी तिच्यावरच उभी आहे.

पाण्याच्या ताणात केसांची वाढ मंदावते. तुरा मात्र जवळपास आपल्या वेळेवर पराग सोडतो. दोघांची गाठ चुकते. शेंड्याचे केस बाहेर येईपर्यंत तुरा झडून मोकळा झालेला असतो.

शेंडा रिकामा: दोन वेगळे आजार

शेंडा रिकामा दिसला की सगळे एकच निष्कर्ष काढतात. तिथे नखाने खरवडून पाहा. कोरडी, पांढुरकी, पातळ टरफलं आणि रिकामे खळगे असतील, दाण्याचा मागमूसही नसेल, तर फलनच झालेलं नाही. दोष तुरा-केसांच्या आठवड्यातला आहे: पाण्याचा ताण, अति तापमान किंवा केस कुरतडणारी कीड. पण तिथे बारीक, सुरकुतलेले, फिकट दाणे चिकटलेले असतील, तर फलन झालं होतं आणि झाडाने ते दाणे नंतर सोडून दिले. फलनानंतर साधारण दोन-अडीच आठवडे, दाणा दुधावर येईपर्यंत, झाडाकडे पुरेसं अन्न नसेल तर ते शेंड्याचे दाणे पहिल्यांदा टाकतं, कारण ते वयाने सर्वांत लहान असतात.

दुसऱ्या प्रकाराची कारणं वेगळी. लागोपाठ दहा-बारा दिवस झड आणि अंधारून आलेलं आभाळ, खालची पानं पिवळी पडलेली (नत्र संपलं), करप्याने पानं वाळलेली, ताटांची दाटी, किंवा केस येऊन गेल्यावर पडलेला पावसाचा खंड. पहिल्या प्रकाराला पेरणीची तारीख आणि पाणी हे औषध आहे. दुसऱ्याला निचरा, नत्राचा शेवटचा हप्ता आणि योग्य अंतर. दोन्हींची गल्लत केली तर पुढच्या वर्षी खर्च वाढतो आणि शेंडा तसाच राहतो.

इतर खुणा

कणीसभर विखुरलेले दाणे, मधे मधे मोकळ्या जागा: परागच कमी पडला. तुरा पडण्याच्या आठवड्यात दुपारचं तापमान ३८ अंशांच्या वर आणि हवा कोरडी असेल तर असं होतं. मात्र एका दिवसाच्या उन्हाने पीक जात नाही, कारण रोज सकाळी नवा पराग तयार होतो. चार-सहा दिवस सलग तापलं आणि त्यात जमीनही कोरडी असली, की दाणे विखुरतात. स्वीट कॉर्नच्या बांधालगत लावलेल्या दोन-तीन ओळींतही हेच दिसतं. वारा पराग दुसरीकडे नेतो. थोडीच लागवड करायची असेल तर लांबलचक दोन ओळींपेक्षा सहा-आठ ओळींचा चौकोनी तुकडा करा.

एका बाजूच्या ओळी गायब, कणीस केळ्यासारखं वाकलेलं: बहुतेकदा ही जमिनीकडची बाजू असते. ताणात उशिरा आलेले केस वरच्या केसांखाली झाकले जातात, किंवा फलन झालेले दाणे त्या बाजूला टिकत नाहीत. कणीस वाकतं, कारण भरलेली बाजू वाढते आणि रिकामी तिथेच राहते.

कणीस आखूड, जाड आणि पानांचं आवरण मात्र पूर्ण लांबीचं: हे हवामानाचं क्वचितच असतं. पीक कमरेएवढं झाल्यावर, तुरा पोग्यात (शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत) असताना स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव्य) किंवा तेलयुक्त द्रव्य मिसळून केलेल्या फवारणीने कणसाची वाढ जागीच थांबू शकते. गुडघ्याच्या वर गेलेल्या मक्यावर पानावरून मारलेलं तणनाशकही कणीस बिघडवतं. तणनाशक लेबलवर दिलेल्या वेळेतच मारा. तुरा निघायच्या आधीच्या तीन आठवड्यांत स्टिकर घालून फवारणी टाळा.

ओळी कमी, दहा किंवा बारा: ओळींची संख्या पीक गुडघ्याएवढं असताना, सात-आठ पानांवर ठरते. त्या वेळी रानात पाणी साचलं होतं का, पहिला युरिया उशिरा पडला का, ते आठवा.

एक ताट भरलेलं, शेजारचं वांझ: उगवण एकसारखी नाही. आठ-दहा दिवस उशिरा उगवलेल्या ताटाला केस येतात तेव्हा रानातला पराग संपलेला असतो, आणि शेजारच्या ताटांची सावलीही त्याच्यावर असते. नांगे (न उगवलेल्या मोकळ्या जागा) भरायचे तर उगवणीनंतर चार-पाच दिवसांतच भरा. त्यानंतर टोकलेलं ताट कणीस देत नाही, फक्त पाणी आणि खत खातं. पेरणी सगळीकडे ४ ते ५ सेंटीमीटर खोलीवर पडेल याकडे नीट लक्ष द्या.

दाणे पूर्ण आहेत पण हलके, बारीक: दाणा दुधावरून पक्व होईपर्यंतच्या काळात पाणी तुटलं, किंवा रात्रीही उकाडा राहिला. गरम रात्रीत झाड दिवसभर बनवलेलं अन्न स्वतःच्या श्वसनातच खर्च करतं आणि पीक लवकर वाळतं. रब्बीत दाणा भरायला जास्त दिवस मिळतात. पाण्याची सोय असेल तर रब्बी मका खरिपापेक्षा जास्त वजन देतो, त्याचं मोठं कारण हेच.

काढणीची वाट न पाहता करायची तपासणी

केस बाहेर पडून पाच-सहा दिवस झाले की फलन किती झालं हे रानातच पाहता येतं. कणीस ताटावरून काढा. बुडाशी चाकूने सभोवार एक खाच द्या आणि आवरणाची पानं एकेक करून हलक्या हाताने सोला. केस ओढले जाता कामा नयेत, नाहीतर निदान चुकेल. आता कणीस बुडाशी धरून, टोक खाली करून हळूच झटका. फलन झालेल्या दाण्यांचे केस गळून पडतात. न झालेल्यांचे केस दाण्याला चिकटून राहतात. कणसाच्या बुडाकडचे गळाले आणि शेंड्याचा झुबका तसाच राहिला, तर दोन दिवसांनी दुसरी कणसं पाहा. तेव्हाही तोच झुबका हिरवा, लांब आणि चिकटलेला असेल तर परागाची गाठ चुकली. बाहेरूनही एक खूण दिसते: फलन न झालेले केस वाढतच राहतात, म्हणून कणसाच्या तोंडाशी हातभर हिरवट झुबका लोंबत असेल तर शंका घ्या. वेळेवर फलन झालेले केस तपकिरी होऊन सुकतात.

पराग सुटतोय का हे पाहायचं तर सकाळी दव सुकल्यावर तुऱ्याखाली काळा कागद धरून तुरा बोटाने टिचका. कागदावर बारीक पिवळी भुकटी पडली पाहिजे. नुसते रिकामे, वाळलेले परागकोष पडले तर त्या ताटाचं काम संपलेलं आहे.

झडीबद्दल एक गैरसमज आहे: पावसाने पराग धुऊन जातो म्हणून दाणे भरत नाहीत. ओल्या हवेत परागकोष उघडतच नाहीत. पराग आतच थांबतो आणि उघडीप मिळाली की सुटतो. केसही आठ-दहा दिवस पराग घेऊ शकतात. चार दिवसांच्या रिपरिपीने फलन बुडत नाही. झडीचं खरं नुकसान दुसरीकडे होतं: उजेड नाही, मुळांना हवा नाही आणि नत्र जमिनीतून निघून जातं.

पेरणीची तारीख हा सगळ्यात स्वस्त उपाय

तुरा कोणत्या हवेत पडावा हे आधी ठरवा आणि तिथून मागे मोजा. खरिपात मध्यम कालावधीच्या संकरित वाणाला तुरा पेरणीनंतर साधारण ५० ते ५५ दिवसांनी येतो. १५ जूनच्या पेरणीचा तुरा ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे नेमका पावसाचा खंड पडण्याच्या दिवसांत. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला होता. म्हणून विहीर किंवा शेततळं नसेल तर सगळं रान एकाच दिवशी पेरू नका. दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन टप्पे करा, किंवा कमी आणि मध्यम कालावधीचे दोन वाण घ्या. एका टप्प्याला खंड सापडला तरी दुसरा वाचतो.

रब्बीसाठी १५ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर हा काळ धरा. उन्हाळी मक्यात मोठी चूक होते. कांदा किंवा हरभरा निघाल्यावर फेब्रुवारीच्या मध्यात किंवा अखेरीस पेरणी केली तर तुरा एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात निघतो. तेव्हा खानदेश, मराठवाडा आणि विदर्भात पारा चाळिशीच्या पुढे असतो. धान्यासाठी उन्हाळी मका घ्यायचा तर जानेवारीअखेरपर्यंत पेरणी झालीच पाहिजे. त्यानंतर पेरणार असाल तर चाऱ्यासाठी पेरा, धान्याची अपेक्षा ठेवू नका.

पाणी

तुरा-केसांच्या काळात मक्याला दिवसाला ७ मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. एकरी हिशेब केला तर रोज सुमारे २८ हजार लिटर. एप्रिलच्या उन्हात ३२ हजारांपर्यंत. हलक्या, मुरमाड रानात या दिवसांत पाच-सहा दिवसांनी आणि भारी काळ्या रानात आठ-दहा दिवसांनी पाणी आलं पाहिजे. सकाळी दहाच्या आत पानं गुंडाळलेली दिसली तर उशीर झालाय. दुपारची गुंडाळी संध्याकाळी उलगडत असेल तर अजून वेळ आहे, पण पाण्याची तयारी लगेच करा.

खरिपात एकच संरक्षित पाणी (पावसाच्या खंडात पीक वाचवायला दिलेलं) देता येणार असेल तर ते तुरा दिसू लागताच द्या, केस येईपर्यंत थांबू नका. शेततळ्यातलं पाणी कमी असेल तर एक आड एक सरी भिजवा. तुषार संच असेल तर सकाळी पराग सुटायच्या वेळी चालवू नका. संध्याकाळी किंवा रात्री चालवा. ठिबकवाल्यांनी उन्हाळ्यात रोज किंवा एक दिवसाआड पाणी द्यावं. जमीन ओली असेल तर पीक पानांवाटे पाणी सोडून स्वतःला थंड ठेवतं आणि त्याच तापमानात शेजारच्या कोरड्या रानापेक्षा बरे दाणे धरतं.

ताणाच्या काळात १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) या विद्राव्य खताची १ टक्का फवारणी (१० लिटर पाण्यात १०० ग्रॅम) काही दिवस तग धरायला मदत करते. पाण्याची जागा ती घेत नाही.

साचलेलं पाणी आणि नत्र

सपाट काळ्या रानात पाणी २४ ते ४८ तास साचून राहिलं तरी मक्याची मुळं गुदमरतात. पीक गुडघ्याएवढं होईपर्यंत मका पाण्याला फार नाजूक असतो. पेरणी रुंद वरंबा सरीवर किंवा सरी-वरंब्यावर करा आणि उताराच्या तोंडाशी चर काढून ठेवा. पाऊस सुरू झाल्यावर चर काढणं होत नाही. पाणी साचल्यावर खालच्या पानाचं टोक पिवळं होऊन तो पिवळेपणा मधल्या शिरेवरून देठाकडे सरकत असेल तर नत्र गेलं. पाणी काढा, वाफसा (मशागतीजोगी ओल) येऊ द्या, मग एकरी २५ ते ३० किलो युरिया ओळीच्या कडेने देऊन कोळपणीने झाका. रानात शिरताच येत नसेल तर २ टक्के युरियाची फवारणी (१० लिटरला २०० ग्रॅम) तात्पुरती करा. युरियाचे दाणे पोग्यात टाकू नका, कोवळी पानं जळतात.

एकूण खत हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ४० किलो पालाश असं धरलं तर एकरी डीएपी ५२ किलो, म्युरेट ऑफ पोटॅश २७ किलो आणि युरिया सुमारे ८४ किलो बसतो. डीएपी आणि पोटॅश पेरणीला. युरियाचे दोन मोठे हप्ते ३० आणि ४० ते ४५ दिवसांनी, पेरणीला थोडाच. खरिपात सगळा युरिया एकाच वेळी टाकणाऱ्याचं नत्र पहिल्याच झडीत जातं आणि शेंडा रिकामा राहतो. कोवळ्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढुरके पट्टे दिसत असतील तर जस्त कमी आहे. चुनखडीच्या जमिनीत हे हमखास होतं. पेरणीला एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्या, डीएपीत मिसळू नका. उभ्या पिकात १० लिटरला ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम विरलेला चुना मिसळून फवारा.

अंतर ७५ × २० सेंटीमीटर ठेवलं तर एकरी साधारण २६,६०० ताटं बसतात. कोरडवाहू हलक्या रानात यापेक्षा दाटी करू नका.

केस कुरतडले असतील तर

२०१८ पासून अमेरिकन लष्करी अळी आपल्याकडे आहे. पराग सुटत असताना तिने केस कणसाच्या तोंडापर्यंत कापले तर दाणे विखुरतात. तुरा आल्यावर फवारणीचा खर्च परवडत नाही आणि उंच पिकात ती नीट होतही नाही. अळीचा बंदोबस्त पोग्यात असतानाच करा: प्रादुर्भाव दिसल्यावर इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के एसजी, १० लिटरला ४ ग्रॅम, पोग्यात जाईल अशी संध्याकाळी फवारा. तुऱ्यानंतर मोठ्या अळ्या हाताने वेचा. चाऱ्याच्या मक्यावर रासायनिक कीडनाशक नको.

इतर पिकांतही हीच तपासणी

रब्बी ज्वारी उशिरा पेरली आणि फुलोरा कडाक्याच्या थंडीत सापडला तर कणसं दाण्यांविना राहतात. तिथे परागाला थंडी मारते. बाजरी फुलोऱ्यात असताना पाऊस लागला तर दाणे कमी धरतात आणि अरगट हा बुरशीचा रोगही येतो. उशिरा पेरलेल्या गव्हाचा दाणा मार्चच्या उन्हाने चिरमटतो. पीक कुठलंही असो, फुलोऱ्याची तारीख वहीत लिहून ठेवा आणि त्या आठवड्याचं तापमान-पाऊस शेजारी लिहा. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद त्यासाठी पुरते.

या हंगामातलं पीक वाचवायचं की कापायचं

झटकून केलेल्या तपासणीत एक तृतीयांशापेक्षा कमी दाणे धरलेले दिसले तर धान्याची वाट पाहू नका, मुरघास (हिरवी कुट्टी हवाबंद मुरवून केलेला चारा) करा. दाणे कमी असलेलं पीक बाहेरून वाळल्यासारखं दिसलं तरी खोडात पाणी जास्त असतं, म्हणून घाई नको. कुट्टीची मूठ जोरात दाबा. पाणी ठिबकलं तर दोन-तीन दिवस थांबा. गोळा होऊन हळूहळू उलगडला तर कापणीयोग्य. दुष्काळी मक्याच्या खालच्या खोडात नायट्रेट साठतं, आणि पाऊस पडून गेल्यावर लगेच ते वाढतं. म्हणून पावसानंतर निदान पाच-सहा दिवस जाऊ द्या, कापणी जमिनीपासून वीतभर वर करा, आणि असा मका हिरवा एकदम पोटभर न घालता मुरवूनच जनावरांना द्या.

शेजारच्या रानात त्याच आठवड्यात पेरलेला, तसंच पाणी मिळालेला दुसरा वाण भरला असेल आणि तुमचाच सगळीकडे सारखा फसला असेल, तेव्हा मात्र बियाण्याची तक्रार करायला आधार आहे. पावती, पिशवी, टॅग आणि उरलेलं थोडं बियाणं जपून ठेवा, पीक उभं असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पंचनामा होईपर्यंत रान मोडू नका.